थेंबाचं सोवळं

कालिंदीताई सोवनींचा डावा डोळा त्या सकाळी उघडेना. पापण्या डिंकाने चिकटवल्यासारख्या मिटून बसल्या होत्या. दुसऱ्या कोणाचं असतं तर "डोळे आलेत" म्हणून भागलं असतं. पण ताईंना डोळा हा एकच. उजवा लहानपणी विटी लागून गेला, तो गेलाच. तेव्हापासून सगळ्या पोथ्या, सगळी आख्यानं आणि मिरजेपासून गोव्यापर्यंतची सगळी कीर्तनं त्या एकट्या डाव्यावर चालली होती.

"ऋजू! अगं ऋजू, इकडे ये बघू. मला दिसत नाहीये गं!"

ऋजुता हातातला चहाचा कप तसाच ठेवून धावली. ही ताईंच्या बहिणीची मुलगी, लहानपणापासून मावशीकडेच वाढलेली, आणि आता सूक्ष्मजीवशास्त्राची संशोधक. तिने उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवला, आतल्या कोपऱ्यापासून बाहेर असा हळूच पुसत पापण्या सोडवल्या. आत लालभडक डोळा आणि पिवळट पू.

"दिसतंय का आता?"

"तुझं चिंताक्रांत तोंड दिसतंय. म्हणजे दिसतंय," ताई म्हणाल्या. "काढ तुझी ती काडेपेटी."

काडेपेटी म्हणजे अश्रुवाचक. त्या वर्षी जिल्ह्यातल्या दवाखान्यांत तो नुकताच पोहोचला होता आणि तो बनवणाऱ्या गटात ऋजुताही होती. दिसायला खरोखर काडेपेटीएवढी डबी आणि तिला पुढे मऊ कागदाची जीभ. ती खालच्या पापणीला टेकवली की अश्रूचा कण शोषून घेते. आत एक पडदा, त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं. अश्रूत जे कोणी जीव असतील त्यांचा डीएनए धाग्यासारखा त्या छिद्रांतून ओढला जातो. धाग्यातलं एकेक अक्षर सरकताना छिद्रातला विजेचा प्रवाह किंचित थरथरतो आणि त्या थरथरीवरून यंत्र अक्षर ओळखतं. पूर्वी पू बशीत वाढवून जंतू ओळखायला दिवस लागत. आता चहा निवायच्या आत उत्तर येई: हा जंतू, की विषाणू, की नुसती ॲलर्जी. जंतू असेल तर कुठला, आणि तो कोणत्या औषधाला भीक घालत नाही. डोळा लाल झाला की दुकानातून कुठलंही प्रतिजैविक आणून घालायचे दिवस गेले होते. तसं करून करून लोकांनी चांगली चांगली औषधं बोथट केली होती. आता अश्रू वाचल्याशिवाय थेंब मिळत नसत.

यंत्राला आणखी एक विद्या येत होती. एकाच जातीच्या जंतूंतही घरोघरी, नळोनळी बारीक फरक पडत जातात. ते वाचून यंत्र सांगे, हा जंतू अमक्या ठिकाणच्या जंतूचा सख्खा भाऊ आहे, की लांबचा.

"म्हणजे जंतूंनाही गोत्र असतं म्हण की!" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताई टाळ्या पिटून हसल्या होत्या. "एखाद्या पूर्वरंगात घालते बघ हे."

डबीवर अक्षरं उमटली. साधा, माणसाच्या कातडीवर राहणारा जंतू. नेहमीच्या थेंबांनी बरा होणारा. ऋजुताचा जीव भांड्यात पडला.

*

नेत्रालयातल्या डॉक्टर रुखसाना मुजावर बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. त्यांनी सीलबंद बाटली ताईंच्या हातात दिली.

"ताई, नीट ऐका. यात परिरक्षक नाही, म्हणजे औषध टिकवायला घालतात ते रसायन नाही. डोळ्याला टोचतं ते, म्हणून काढलंय. त्यामुळे बाटलीत बाहेरचं काही गेलं तर त्याला अडवणारं आत कोणी नाही. आधी हात साबणाने धुवा. मान मागे, खालची पापणी ओढून खोबण करा आणि एकच थेंब वरून सोडा. टोक कशालाही लागता कामा नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरा, नाहीतर औषध घशात उतरतं. लाली गेली तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. चोळायचं तर मुळीच नाही."

"आणि गोकुळाष्टमीचं कीर्तन?"

"बऱ्या व्हाल तोवर. पण ही बाटली तुमच्या एकटीची. कोणालाही द्यायची नाही."

ती द्यायची वेळ घरी पोहोचताच आली. ताईंच्या साथीचे तबलजी हमीदभाऊ शिकलगार तालमीसाठी ओट्यावर येऊन बसले होते. मिरजेत तबल्यांना शाई चढवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"माझाही डोळा चुरचुरतोय ताई," ते म्हणाले. "सोडा की दोन थेंब माझ्यातही. खडीसाखर एका पुडीतली खातो आपण, औषधाला काय झालं?"

"बसा भाऊ, आधी बघू," म्हणत ऋजुताने त्यांच्या पापणीला कागद टेकवला. थोड्या वेळाने ती हसायला लागली. "तुमच्या डोळ्यात त्रास देणारा एकही जंतू नाही. ही तबल्याच्या शाईच्या भुकटीची ॲलर्जी आहे."

"एकही नाही?" हमीदभाऊंना जरा अपमानच वाटला. "जंतूसुद्धा फिरकेनात, इतका वाईट आहे का मी?"

"चांगले आहात, म्हणून तर हे थेंब देत नाहीये. शत्रू नसताना तोफ डागली तर डोळ्यातले निरुपद्रवी जंतू तेवढे तिला सरावतील. उद्या खरंच दुखणं आलं तर तोफ फुसकी निघेल. तुमचं औषध वेगळं. आणि तुमचाही जंतू हाच असता, तरी बाटली वेगळीच दिली असती."

"बघा ताई, भाची कशी वाटणी करते."

"करू दे बाई. वाटणी करून डोळे राहत असतील तर करू दे," ताई म्हणाल्या आणि झांजा उचलल्या.

*

थेंबांनी जादू केली. पू थांबला, लाली फिकी झाली. ताई दिलेल्या वेळा काटेकोर पाळत होत्या. त्यांचं सोवळं आधीच कडक. बाटलीही देवघरातल्या कोनाड्यात, बाळकृष्णाच्या शेजारी जाऊन बसली. अष्टमीचं आख्यान घरात घुमू लागलं. श्रावणातली ओल भिंतींना चढली होती, वाळत घातलेलं काही वाळत नव्हतं, पण ताईंचा आवाज कसा खणखणीत लागला होता.

एका दुपारी पद अर्ध्यातच तुटलं.

ऋजुता आत आली तेव्हा ताई डोळ्यावर पदर दाबून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "खिडकी लाव. उजेड सुईसारखा घुसतोय गं. काल जरा खाज आली म्हणून पदराने चोळला, तेवढंच केलं मी."

ऋजुताने पदर बाजूला केला. काळ्या बुबुळावर, कडेला, एक धुरकट पांढरा ठिपका होता. सकाळी तो नव्हता.

अश्रुवाचकाने या वेळी दुसरंच नाव दाखवलं: स्यूडोमोनास. हा माणसांत रमणारा जंतू नव्हे. हा ओलीत, साचल्या पाण्यात, दमट कोपऱ्यात राहणारा. धडधाकट डोळ्याचं तो फारसं काही बिघडवू शकत नाही. पण पदराने पडलेला बारीकसा ओरखडा त्याला दारासारखा पुरतो. आणि एकदा आत शिरला की बुबुळाचा पारदर्शक पडदा तो भराभर विरघळवत नेतो.

"बाटलीतलं औषध याला पाण्यासारखं आहे," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. आज त्यांचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "ताई, आत्ताच्या आत्ता भरती व्हायचं. दुसरे, जोरकस थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा. जंतू कुठला ते कळायला पूर्वीसारखे दोन दिवस गेले असते, तर पडद्याला भोक पडलं असतं. आता झुंज देता येईल. डोळा वाचेलच असं मात्र आज सांगू शकत नाही."

"अष्टमी..."

"अष्टमी नाही, ताई."

भरती होताना ताईंनी देवघरातला बाळकृष्ण तेवढा सोबत आणवला. उशाशी घेतलेला रांगता बाळकृष्ण त्यांनी चाचपून हातात धरला आणि तशाच पडून राहिल्या.

*

बाहेरच्या बाकावर हमीदभाऊ ऋजुतावर उखडले. "तुझी काडेपेटी चुकली! पहिल्यांदा एक नाव, आता दुसरंच नाव. की कंपनीनेच घाण भरली बाटलीत?"

हीच शंका ऋजुतालाही कुरतडत होती. यंत्र चुकलं असेल, तर मावशीचा डोळा तिनेच घालवला. ती उठली, घरून बाटली आणली, औषधाचा थेंब वाचला. स्यूडोमोनास! टोकावर तर नुसता सुळसुळाट. मग त्याच खेपेच्या सीलबंद बाटल्या दवाखान्यातून मागवल्या आणि एकेक फोडून वाचल्या. सगळ्या स्वच्छ.

"कंपनी नाही, भाऊ. बाटली घरी आल्यावर बिघडली."

"ताईंच्या घरात? त्या घरात माशीसुद्धा पाय धुऊन बसते!"

ऋजुताने फोनवर अश्रुवाचकांचा जिल्ह्याचा नकाशा उघडला. रुग्णांची नावं पुसून प्रत्येक वाचन तिथे जमा होई. तिने शोधलं: साधा जंतू बरा होत असताना मध्येच पाण्यातला जंतू उपटला, असं आणखी कुठे झालंय? झालं होतं. तासगावात, जतला, सांगलीत दोन ठिकाणी. काळजीत टाकणारे तुरळक ठिपके, कोणालाच न उलगडलेले. तिने त्यांची गोत्रं एकाशेजारी एक लावली, आणि ती बाकावरून ताडकन उठली.

"भाऊ, बघा! सगळी गोत्रं वेगळी. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. दोष एका जागेहून पसरला असता तर सगळे भाऊ-भाऊ निघाले असते. म्हणजे प्रत्येक घराने आपला जंतू आपणच बाटलीत घातलाय. वेगवेगळ्या गावांत, एकमेकांना न ओळखणारी माणसं, पण करतायत तेच काहीतरी!"

"काय करतायत?"

"तेच तर पाहायचंय. चला!"

ती जवळजवळ पळतच ताईंच्या खोलीत गेली. पडदे ओढलेले होते. नवे थेंब नर्स घालत होती, त्यामुळे ताईंच्या हाती आता बाटली नव्हती. ऋजुताने रिकाम्या बाटलीत साधं पाणी भरून ती त्यांच्यापुढे धरली.

"मावशी, घरी थेंब घालायचीस ना, तस्संच करून दाखव. डोळ्यात सोडू नकोस, नुसतं दाखव. एकही गोष्ट गाळू नकोस."

ताईंनी आधी हात धुतले, पूजेला धुतात तसे कोपरापर्यंत. बाटलीचं झाकण काढलं. आणि मग उशाच्या बाळकृष्णाकडे वळून, बाळाला काजळ घालावं इतक्या हळुवारपणे, बाटलीचं टोक त्याच्या पितळी डोळ्याला टेकवलं. एका, मग दुसऱ्या. त्यानंतर बाटली स्वतःच्या डोळ्यावर आणली.

"मावशी! हे काय?"

"काय म्हणजे? त्याला दिल्याशिवाय आपल्या घरात कधी काही तोंडात घातलंय का? मग डोळ्यात कसं घालू?"

हमीदभाऊंनी ऋजुताकडे पाहिलं. ती तडक घरी निघाली, तेही मागोमाग गेले.

घरी देवघरात देव पुसायचं फडकं खुंटीवर होतं. श्रावणाच्या ओलीत ते किती दिवसांत धड वाळलेलं नव्हतं. त्याच फडक्याने रोज बाळकृष्ण पुसला जायचा, आणि तो ओलसर असतानाच थेंबांची वेळ व्हायची. ऋजुताने फडक्याचा कोपरा कागदाला लावला. डबीवरची अक्षरं तिला वाचायचीसुद्धा गरज नव्हती. तरी तिने वाचली. मावशीच्या डोळ्यातल्या जंतूचा सख्खा भाऊ.

यंत्र खरं ठरलं होतं. आनंदाने उडी मारावी असा क्षण, आणि तिला मात्र रडू फुटलं. मावशीला काय सांगायचं? तुझ्या देवाला लावलेल्या थेंबाने तुझा डोळा चाललाय?

"सांग तिला," हमीदभाऊ दारातून म्हणाले. "नाही सांगितलंस, तर बरी होऊन घरी येईल आणि पुन्हा तेच करील. ती तुझी मावशी आहे, काचेचं भांडं नव्हे."

*

ऋजुताने सांगितलं. ताई ऐकत राहिल्या. नर्स आली, थेंब घालून गेली.

"म्हणजे मी त्याला बोलावलं, आणि हे आलं," शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"त्याचा काही दोष नाही गं, मावशी. फडकं ओलं होतं."

"ते कळलं मला. त्याच्याशी भांडायला मला फडकं लागत नाही." त्या किंचित हसल्या. "मला दुसरंच वाटतंय. आयुष्यभर सोवळं पाळलं. नैवेद्य होईपर्यंत कोणाला शिवू दिलं नाही, चव घेऊ दिली नाही. उष्टं काय ते मला कोणी शिकवायला नको. आणि हे एवढंसं टोक मला कळू नये? ज्या घडीला ते कशाला शिवलं, त्या घडीला ते उष्टं झालं! मग शिवणारं मी असो, तू असो, नाहीतर हा लबाड असो. डॉक्टरीणबाई सांगत होत्या ते सोवळंच होतं गं. फक्त आपल्या शब्दांत नव्हतं."

ऋजुता बघतच राहिली. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना जे समजवायला तिला महिना लागे, ते मावशी स्वतःहून, अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या बोलून गेली होती.

"मग आता त्याला दाखवणार नाहीस?"

"दाखवीन की. झाकण लावलेली बाटली दाखवीन. बंद बाटलीतलं त्याला दिसत नाही होय?"

डॉक्टर मुजावर केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, हे मला माझ्या पेशंटांना सांगता येणार नाही. तुम्हीच सांगा."

"सांगणारच. पण आधी डोळा वाचवा."

झुंज मोठी झाली. ठिपका आधी वाढला, मग अडला. अष्टमी दवाखान्यातच गेली. दूरच्या मंदिरातला गजर खिडकीतून ऐकत ताई पडून राहिल्या आणि हमीदभाऊ बाकावर मांडीवरच ठेका धरून बसले. मग एका सकाळी ठिपक्याच्या कडा स्वच्छ दिसू लागल्या. काही दिवसांनी अश्रुवाचकाची पाटी कोरी आली. "कोरी आली तरी थेंब चालू," डॉक्टरांनी दम भरला. "तुम्ही थांबवा म्हणेपर्यंत," ताईंनीच वाक्य पुरं केलं. बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा डाग राहिला, पण मधली बाहुली स्वच्छ होती. समोरच्या पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ ताईंनी घडाघडा वाचली आणि वर चालही लावून दाखवली.

*

नवरात्रात देवीच्या मंदिरात त्यांचं कीर्तन लागलं. संध्याकाळी मंडप असा भरला की चपला ठेवायला जागा उरली नाही.

"हसतील गं लोक," ऋजुता आदल्या दिवशीही म्हणाली होती. "सांगायलाच हवं का सगळं?"

"हसू देत. कीर्तनकाराला हसणं नवीन आहे का?"

पूर्वरंग नेहमीसारखा रंगला. मध्यंतरात हार घातला गेला, आणि उत्तररंगाला सगळे सरसावून बसले. ताईंनी पदर खोचला, झांजा वाजवल्या, हमीदभाऊंनी थाप दिली, आणि कोणीही न ऐकलेलं आख्यान सुरू झालं. एका म्हातारीचा एकच डोळा. तिचा लाडका बाळकृष्ण. भाचीची काडेपेटी. जंतूंची गोत्रं. म्हातारीने देवाच्या डोळ्याला टोक लावलं तिथे मंडप खळखळून हसला. बुबुळावर पांढरा ठिपका उमटला तिथे एकदम शांत झाला. मग ताईंनी स्वतः रचलेलं पद उचललं:

थेंब हा निर्मळ । टोक ते सोवळे ।
न शिवो बुबुळे । नको बोट ॥
ज्याचे त्याचे न्यारे । औषध ते सारे ।
वाटो जरी बरे । सोडू नये ॥

दुसऱ्यांदा म्हणताना सगळा मंडप मागे म्हणत होता. ताई थांबल्या.

"आता खरं सांगा हं. देवीसमोर बसलोय. असं आणखी कोण करतं?"

मग खांबाजवळ बसलेल्या, पिवळं लुगडं नेसलेल्या एक आजी हात वर करून उठल्या. "मी करते गं बाई. आधी देवीच्या डोळ्याला, मग माझ्या. चूक का ते?"

त्यांच्यामागे आणखी एक हात वर झाला. मग डावीकडून दोन. पुरुषांच्या बाजूने एक गृहस्थ अवघडून म्हणाले, "आम्ही घरात सगळे एकच बाटली वापरतो." कोणी ओरडलं, "मी गेल्या वर्षीची अर्धी ठेवलीये!" हशा पिकला, आणि हात वर होतच गेले, मंडपाच्या टोकापर्यंत. खाली बसलेली ऋजुता थक्क होऊन पाहत होती. नकाशावरचे न उलगडलेले ठिपके तिच्यासमोर हात वर करून बसले होते.

"आजी," ताईंनी विचारलं, "तुमचा डोळा बरा आहे ना?"

"ठणकतोय कालपासून. दिवा बघवत नाही. कीर्तन चुकायला नको म्हणून आले."

ताईंनी झांजा खाली ठेवल्या. भर कीर्तनात त्यांनी झांजा खाली ठेवल्याचं मिरजेत कोणी पाहिलं नव्हतं. "आख्यान इथे थांबलं. आधी डोळे. ज्याचा ज्याचा डोळा दुखतोय, त्यांनी ऋजूकडे जायचं. हात धुऊन! भाऊ, ठेका सोडू नका."

हमीदभाऊंनी ठेका धरला, हलका, चालत्या पावलांचा. मंडपातून रांग सरकू लागली. ऋजुताने देवळाच्या पायरीवर डबी मांडली, नवा कागद लावला आणि पिवळ्या लुगड्यातल्या आजींच्या पापणीला हळूच टेकवला. कोणी उठून घरी गेलं नाही. सगळा मंडप त्या काडेपेटीकडे मान उंचावून बघत राहिला, जसा मघाशी आख्यानाकडे बघत होता.

"ऋजू, काय आलं?" ताई वरून ओरडल्या.

"सापडला, मावशी! पाण्यातलाच आहे. पण अजून वरवर आहे. डॉक्टर मुजावर निघाल्यात, आजींना आत्ताच घेऊन जातायत. वाचेल डोळा!"

ताईंनी दोन्ही हात वर केले. गजर सुरू कोणी केला कळलं नाही. हमीदभाऊंचा तबला दुप्पट लयीत गेला, आणि मंडप उठून उभा राहिला.